अंग झाडणारी गाडी आणि वाचनबाई

वाहन सुरक्षा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनला लागून असलेल्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. एरवी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना वाचनबाई म्हणत, कारण त्यांचं कामच वाचायचं. कुणाच्या गाडीचा ब्रेक लागत नाही, कुणाचा सीटबेल्ट अडकतो, कुणाच्या डॅशबोर्डमागून जळका वास येतो, अशा तक्रारी दिवसाला तीस-चाळीस यायच्या. बाई प्रत्येक तक्रार वाचायच्या, गाडीच्या कुठल्या भागाबद्दल आहे त्याचा आकडा टाकायच्या आणि खालच्या तीन चौकटींत लागेल तशी खूण करायच्या: इजा, आग, मृत्यू. मग तक्रार पुढच्या टेबलावर. तीस वर्षं हेच.

स्वतः बाईंना गाडी चालवता येत नव्हती. "पोहता न येणारीला विहिरीवर राखणीला बसवलंय," असं त्यांचा नवरा म्हणायचा. नवरा टर्नर होता. चाळीस वर्षं लेथपाशी उभं राहून निवृत्त झाला तेव्हा हात शाबूत होते, पण कान गेले होते. त्यामुळे बाई घरी ओरडून बोलायच्या आणि कार्यालयात हळू, आणि कधी घाईत दोन्हीची अदलाबदल झाली, की साहेब दचकायचे आणि नवरा म्हणायचा, "तोंडात काय पुटपुटतेस?"

इतकी वर्षं परक्यांची रडगाणी वाचून बाईंना माणसं ओळखता यायला लागली होती. तीन-तीन उद्गारचिन्हं टाकून, वकिलाची धमकी देऊन लिहिणाऱ्याच्या गाडीला बहुतेक वेळा काही झालेलं नसायचं. जो गाडी घेतानाच्या भांडणापासून सुरुवात करायचा त्याचं दुखणं शोरूममधल्या माणसाशी असायचं. एकदा एकाने आपल्या गाडीचा हॉर्न सासूसारखा वाजतो अशी तक्रार केली होती. बाईंनी ती 'विद्युत' या आकड्याखाली टाकली आणि दिवसभर हसत होत्या.

तर अशाच एका महिन्यात बाईंना तीन तक्रारी लागोपाठ आल्या. तीन वेगळ्या गावांच्या, तीन अनोळखी माणसांच्या, गाडी मात्र एकच. एका कंपनीचा मोठा, अवजड पिकअप. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण त्याची पुढची जाळी आणि रुंद खांदे बघून कार्यालयात सगळे त्याला रेडा म्हणत. रस्त्यातल्या उंचवट्यावरून, पुलाच्या जोडावरून वेगात गेलं की स्टिअरिंग हातात राहत नाही, पुढची चाकं डावी-उजवीकडे फडफडतात आणि अख्खी गाडी थरथरते, असं तिघांनीही लिहिलं होतं. पहिल्याने लिहिलं होतं, 'भिजलेलं कुत्रं अंग झाडतं तशी.' तिसऱ्यानेही कुत्रंच लिहिलं होतं. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तीस वर्षांत दोन माणसांनी एकच उपमा वापरल्याचं त्यांना आठवेना.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी विषय काढला.

"स्टिअरिंग आपोआप फडफडतं म्हणजे नेमकं काय होतं हो?"

"काय?"

"स्टिअरिंग! फडफडतं!"

नवरा उठला. मोठ्या दुकानात सामान ठेवायला ढकलगाडी असते, तिचं एखादं चाक कसं वेड्यासारखं थरथरायला लागतं, ते त्याने पालथा हात टेबलावर फडफडवून दाखवलं. "पुढच्या दोन चाकांना जोडणारा धुरा असतो. तो जागेवर धरून ठेवायला दांडा असतो, दांड्याच्या टोकाला रबरी बुश. बुश ढिला झाला, की चाकाला खेळायला जागा मिळते. एक दणका बसला की झालं सुरू. थांबत नाही, गाडी जवळजवळ उभी करेपर्यंत."

"मग कंपनीवाले डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे दणके शोषणारा नळा, बदलून देतात म्हणे."

"डँपर म्हणजे पाठीवर ठेवलेला हात," नवरा म्हणाला. "रडणारं पोर गप्प होतं. पोट दुखायचं थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टेशनरीच्या कपाटातून एक लांब वही घेतली आणि रेड्याच्या तक्रारी वेगळ्या उतरवायला लागल्या. तारीख, गाडी किती चालली होती, वेग किती, चाक कशावर आदळलं, डँपर आधी बदलला होता का. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांचं काम आकडा टाकून कागद पुढे सरकवायचं. पण चार महिन्यांत वहीत एकेचाळीस तक्रारी झाल्या आणि त्यांतल्या अकरा जणांनी डँपर एकदा बदललेला होता, तरी पुन्हा तेच. तेव्हा बाई वही घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वही पूर्ण वाचली, चष्मा काढला, डोळे चोळले. "बाई, पूर्वीच्या जन्मी तुम्ही पोलिसात होता का?"

आणि त्यांनी खरोखर प्राथमिक चौकशी उघडली. ती एका तरुण इंजिनीअर मुलीकडे दिली. मुलगी हुशार होती, चालताना जिने दोन-दोन चढायची. तिने दोन रेडे मिळवले, चाचणीच्या रस्त्यावर नेले, दहा दिवस पुलाच्या जोडांवरून पळवले. परत आली ती तोंड पाडून.

"एकदाही नाही हो बाई. गाडी अशी शहाण्यासारखी वागली, की मलाच वाटायला लागलं, लोक खोटं बोलतात."

"डॉक्टरसमोर पोर रडत नाही," बाई म्हणाल्या. "नव्या गाड्या घेतल्या होत्यास का?"

"कंपनीनेच दिल्या. दोन-दोन हजार किलोमीटर चाललेल्या."

बाईंनी वही उघडून दाखवली. वहीतली एकही गाडी तीस हजारांच्या आतली नव्हती. मुलीने कपाळाला हात लावला आणि जुन्या गाड्या मागवायचं पत्र टाकलं. कंपनीकडून उत्तर यायला पाच महिने लागले.

तक्रारींचा टेलिफोन दुपारी दोन तास बाईंच्या टेबलावर वाजायचा. ज्यांना फॉर्म भरायला जमत नाही ते सांगायचे, बाई टाइप करायच्या. तिथेच काचवाल्याचा पहिला फोन आला होता, वही सुरू झाल्यानंतर पंधराएक दिवसांनी.

तो खिडक्यांना काचा बसवायचा. त्याच्या रेड्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे होते, त्यांना आतून जाड कापड, आणि त्यांवर काचा उभ्या बांधून न्यायच्या. बायको नेहमी बरोबर, कारण काच एकट्याने उचलायची वस्तूच नाही. एका शाळेच्या नव्या इमारतीला काचा नेताना पुलाच्या जोडावर गाडीने अंग झाडलं. अकरा काचा फुटल्या. स्टिअरिंगची दांडी अंगठ्यावर बसून अंगठ्याचं हाड मोडलं. बायको दार धरून बसली होती म्हणून बचावली.

"इजा म्हणून लिहू ना?" बाईंनी विचारलं.

"अंगठ्याला इजा म्हणतात का?"

"म्हणतात."

"मग लिहा. आणि ताई, एक सांगा. ही गाडी मी चालवू की नको?"

बाईंच्या टेबलाच्या काचेखाली एक छापील कार्ड होतं. त्यावरचं वाक्य त्यांनी हजारदा वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "आपली तक्रार नोंदवली आहे. कार्यालय वैयक्तिक सल्ला देत नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "हे म्हणजे डॉक्टरकडे जावं आणि त्याने नुसतं नाव लिहून घ्यावं, तसं झालं."

मग तो दर महिन्याला फोन करायला लागला. डँपर बदलून घेतला, चार हजार किलोमीटर बरं गेलं, पुन्हा झाडलं. टायर नवे टाकले, पुन्हा झाडलं. दर वेळी बाई टाइप करत, आणि दर वेळी शेवटी तो विचारायचा, "मग, काही ठरलं का तुमचं? चालवू?" आणि बाई कार्ड वाचायच्या. हळूहळू तो कार्डातलं वाक्य त्यांच्याआधीच म्हणायला लागला. मागून त्याची बायको ओरडायची, "विचारा ना त्यांना नीट!" आणि तो म्हणायचा, "अगं, विचारलं. त्यांना बोलायची बंदी आहे."

एका दुपारी मात्र बायकोच फोनवर आली. तिचा आवाज बाईंनी प्रथमच सरळ ऐकला. ती म्हणाली, "बाई, मी रोज त्या गाडीत बसते. पूल आला की डोळे मिटून घेते. मला एवढंच सांगा, तुम्ही बसला असता का?"

साहेब जेवायला गेले होते. झेरॉक्स मशीन बंद होतं. बाईंनी कार्डाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि घरी बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या घरातलं माणूस असतं, तर मी त्याला त्या गाडीत बसू दिलं नसतं. उभी करून ठेवा ती."

"बरं," बायको म्हणाली. फोन ठेवल्यावर बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. तीस वर्षांत पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं त्या दिवशी त्यांना वाटलं. घरी जाताना त्या एक थांबा आधीच उतरल्या आणि चालत गेल्या.

काचवाल्याने गाडी खरोखर उभी केली. मोठी कामं सोडली, हातगाडीवर नेता येतील अशी जवळपासची छोटी कामं धरली. आणि लोक विचारायला लागले तेव्हा त्याने रेडा घेतलेल्या माणसांचा इंटरनेटवर एक गट होता, तिथे सरळ मनाने लिहून टाकलं, 'गाडी बाजूला लावा. सुरक्षा कार्यालयातल्या बाईंनी स्वतः मला सांगितलंय.'

महिन्याभरात कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. साहेबांनी बाईंना आत बोलावलं, बसायला सांगितलं, दार लावलं.

"तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणाले."

"बाई, निदान नाही तरी म्हणा!"

"म्हणाले साहेब. खरं तेच म्हणाले."

साहेबांनी पत्र बाईंपुढे सरकवलं. वाचणं हेच काम असलेल्या बाईंना ते पत्र दोनदा वाचावं लागलं. त्यात शिव्या नव्हत्या, धमकी नव्हती. फार सभ्य पत्र होतं. तक्रारी नोंदवणारी कर्मचारी चौकशी पूर्ण होण्याआधीच गाडीला दोषी ठरवते, तेव्हा तिने फोनवरून स्वतःच्या शब्दांत टाइप केलेल्या तक्रारी तक्रारदारांच्या कशा मानायच्या, असं त्यात विचारलं होतं. त्या वेळेपर्यंत त्र्याण्णव तक्रारी जमल्या होत्या. त्यांतल्या सदतीस फोनवरच्या होत्या. कंपनीचं म्हणणं, त्या सदतीस वगळाव्यात. आणि वही? ती तर नियमातच नव्हती.

"मी त्यांचेच शब्द लिहिले," बाई म्हणाल्या. "कुत्र्याची उपमा मी कुठून आणू?"

"मला माहीत आहे हो." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "पण आता मी काय करू ते सांगा."

हे त्यांनी खरंच विचारलं होतं.

दोन दिवसांनी शिपाई आला, टेलिफोनची वायर गुंडाळली आणि फोन उचलून तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. इंजिनीअर मुलीला दुसरं काम दिलं, लहान मुलांच्या गाडीतल्या खुर्च्यांचं. ती बाईंपाशी येऊन उभी राहिली. तिला रागवायचं होतं हे बाईंना दिसत होतं. "जुन्या गाड्या पुढच्या महिन्यात येणार होत्या हो," एवढंच ती म्हणाली आणि गेली. चोराच्या मागे धावणाऱ्यानेच वाटेत दिवा विझवावा, तसं बाईंना झालं.

पुढे सगळं रीतसर झालं. सदतीस वगळल्या, छप्पन उरल्या. विकलेल्या गाड्यांच्या मानाने छप्पन म्हणजे दर्यात खसखस. थरथर हा ग्राहकाच्या समाधानाचा विषय आहे, वेग कमी केला की ती थांबते, असं कंपनीने चाळीस पानांत लिहून दिलं आणि सगळ्यांना एकेक नवा डँपर फुकट बसवून द्यायचं मोठ्या मनाने कबूल केलं. चौकशी बंद झाली.

बंदचं पत्र प्रत्येक तक्रारदाराला गेलं. पत्र मिळाल्यावर आठवडाभरात काचवाला कार्यालयात आला. फोनवर दुसरंच कोणी तरी उचलत होतं, म्हणून दोन बस बदलून आला होता. बाईंनी त्याला आधी आवाजावरून ओळखलं आणि मग वाकड्या अंगठ्यावरून.

"खाली शिपायाने सांगितलेल्या वाचनबाई तुम्हीच ना?" तो म्हणाला. "मला वाटलं, उंच असाल."

"का?"

"आवाज उंच आहे."

बाई हसल्या. त्याने खिशातून पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे पसरलं. दोन वाक्यांखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. 'उपलब्ध माहितीत सुरक्षिततेशी संबंधित दोषाचा कल आढळला नाही, म्हणून ही चौकशी बंद करण्यात येत आहे. चौकशी बंद झाली याचा अर्थ दोष नाही असा होत नाही.'

"ताई, तुमचं काम वाचायचं. मला हे वाचून सांगा. दोष आहे की नाही?"

बाईंनी वर पाहिलं. केबिनच्या काचेपलीकडे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. बाहेर आले नव्हते, नुसते उभे होते. आजूबाजूच्या टेबलांवरची टकटक थांबली होती. बाईंच्या निवृत्तीला अकरा महिने होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या मनात निवृत्ती नव्हती. त्यांच्या मनात एवढंच आलं, की आपण मागच्या वेळी तोंड उघडलं आणि सदतीस माणसांचं म्हणणं मातीत गेलं. आता पुन्हा उघडलं तर उरलेले छप्पनही जातील आणि चौकशी पुन्हा कधी उघडणारच नाही.

"कार्यालय वैयक्तिक सल्ला देत नाही," त्या म्हणाल्या. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा निघाला.

त्याने पत्रावर बोट ठेवलं. "बरं. आणि घरातलं माणूस असतं तर?"

टेबलावर जिथे टेलिफोन असायचा तिथे एक स्वच्छ चौकोन उरला होता, आजूबाजूला उन्हाने रंग उडालेला. बाई त्या चौकोनाकडे बघत म्हणाल्या, "तुमची तक्रार नोंदवलेली आहे."

काचवाल्याने मान हलवली. पत्र आधीच्याच घड्यांवर नीट घडी केलं. काच हाताळणाऱ्या माणसाची हळुवार बोटं होती ती.

"तुमच्या एका शब्दावर वर्षभर गाडी उभी ठेवली," तो म्हणाला. रागाने नाही, हिशेब सांगावा तसंही नाही. "तोच शब्द पुन्हा म्हणाला असतात, तर अजूनही ठेवली असती. आता डँपर नवा आहे. चालवतो."

तो गेला. बाई खिडकीशी गेल्या, पण खिडकी मागच्या गल्लीत उघडत होती.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, ओरडून, दोनदा. तो चिडला. "मग सांगायचंस ना त्याला!"

"सांगितलं त्यानेच तर सगळं बुडालं!"

"तरी सांगायचंस."

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला सोपं वाटतं," बाई म्हणाल्या. हे मात्र त्या हळू बोलल्या, आणि ते त्याला ऐकू गेलं नाही. त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

सात आठवड्यांनी, एका सकाळी, ढिगातल्या सहाव्या तक्रारीत गाडी रेडा होती. तक्रार काचवाल्याच्या बायकोने केली होती, इंटरनेटवरून, बहुतेक कुणाकडून तरी भरून घेऊन. चारच ओळी होत्या. गावाबाहेरच्या उतारावर डांबराचा उंचवटा होता, त्यावर गाडी थरथरली, पलीकडच्या बाजूला गेली आणि दगडी कठड्यावर आदळली. घोड्यावरच्या काचा केबिनमध्ये घुसल्या. नवऱ्याच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या, डॉक्टर म्हणतात बोटं मिटणार नाहीत. मी गाडीत नव्हते, मी बसने गेले होते आणि कामाच्या जागी वाट बघत होते.

बाईंनी आकडा टाकला. इजेच्या चौकटीत खूण केली. खाली शेरा लिहायला एक ओळ असते, तिथे कर्सर लुकलुकत होता. बाईंना काय काय लिहायचं होतं! की या माणसाने फोनवर आठ वेळा विचारलं होतं. की नववी वेळ इथे, या टेबलापाशी झाली. पण त्यांनी 'डँपर नवीन बसवलेला होता' एवढं लिहिलं, कारण चौकशीला उपयोगाचं तेवढंच होतं.

मग कागद घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी वाचलं आणि कागद उलटा ठेवला, जणू मजकुराकडे बघवत नव्हतं.

"उघडा ना पुन्हा," बाई म्हणाल्या.

"बंद झालेली चौकशी नव्याने उघडायची तर नव्या तक्रारी लागतात, बाई. बंद झाल्याच्या तारखेनंतरच्या. जुन्या धरता येत नाहीत."

"मग ही?"

"ही धरता येईल." साहेबांनी कागद पुन्हा सुलटा केला. "ही पहिली."

बाईंनी नवी वही घेतली नाही. कुणी मना केलं होतं म्हणून नाही. त्यांचा हातच उठेना. तक्रारी येत राहिल्या, बाई आकडा टाकत राहिल्या, आणि त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी नव्या मोजणीत सत्तावीस होत्या. निरोपाच्या वेळी साहेबांनी भाषण केलं, की बाईंनी आयुष्यभरात दोन लाखांहून जास्त तक्रारी वाचल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनीअर मुलगी शेवटी येऊन बिलगली आणि कानात म्हणाली, "चाळीस झाल्या की मी मागून घेणार आहे फाइल." बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. पुढे तिची बदली झाली असं कळलं.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या महिन्यात बाई काचवाल्याच्या घरी गेल्या. पत्ता तोंडपाठ होता. एका अरुंद गल्लीत खाली दुकान आणि वर घर होतं. दुकानात तो एका उंच टेबलापाशी उभा होता आणि लहान आरशाच्या काचा कापत होता, डाव्या हाताने. बायको समोरून पट्टी दाबून धरत होती. उजवा हात त्याने टेबलाच्या कडेवर, वजन म्हणून ठेवावा तसा ठेवला होता.

"या ताई," तो म्हणाला. आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. बायकोने पट्टी न सोडता मानेनेच स्टूल दाखवलं. काप पूर्ण झाल्यावर ती पाणी आणायला आत गेली.

"एक विचारायचं होतं," काचवाला म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?"

बसमध्ये बाईंनी या प्रश्नाची चार उत्तरं तयार केली होती. त्यांतलं एकही त्यांनी दिलं नाही.

"घाबरले."

"नोकरी जाईल म्हणून?"

"तसंही असेल. पण जास्त म्हणजे, मी बोलले की बिघडतं, असं वाटलं."

त्याने काचेचा एक बारीक कण टेबलावरून चिमटीत उचलून डब्यात टाकला. "तसंही बिघडायचं ते बिघडलंच," तो म्हणाला. बाईंना यात क्षमा आहे की ठपका, ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही नव्हतं.

बायकोने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. "गाड्या परत बोलावण्याचं पत्र निघालं का हो?"

"नाही."

"निघेल का?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. आता समोर कार्ड नव्हतं, तरीही याहून वेगळं काही सांगता येत नव्हतं.

"पलीकडच्या घरातल्या पोरीच्या नवऱ्याने तीच गाडी घेतलीय. मागच्याच महिन्यात. जुनी, कुणाची तरी वापरलेली." बायको दाराकडे बघत होती. "पाण्याच्या टाक्या पोचवतो. मी सांगितलं त्याला, यांचा हात दाखवला. ऐकत नाही. तुम्ही सांगून बघता?"

बाई उठल्या. पलीकडच्या घरासमोर रेडा उभा होता, धुऊन चकचकीत केलेला, आणि तिशीतला एक माणूस फडक्याने त्याचा बाजूचा आरसा पुसत होता. बाईंनी स्वतःची ओळख करून दिली. कार्यालयात तीस वर्षं काय केलं ते सांगितलं, किती तक्रारी आल्या ते सांगितलं, डँपरचं सांगितलं, बुशचं सांगितलं, नवऱ्याने दाखवलं होतं तसं पालथा हात फडफडवून दाखवला. तो अदबीने ऐकत होता. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"पण काकू," तो शेवटी म्हणाला, "तुमच्याच कार्यालयाने चौकशी केली ना? मी घ्यायच्या आधी इंटरनेटवर पाहिलं. काही सापडलं नाही म्हणून बंद केली."

"बंद केली म्हणजे दोष नाही असा अर्थ होत नाही."

"मग कसला होतो?"

बाईंनी पालथा हात खाली घेतला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला, "पुलावरून हळू नेतो, काकू. काळजी करू नका." आणि तो आरशाची दुसरी बाजू पुसायला लागला.